गोळीचे वजन, गुन्ह्याचे वजन

जालन्याची औद्योगिक वसाहत ओळखली जाते ती लोखंडी सळ्यांसाठी. तेथे व्यवहाराचा शेवटचा शब्द वजनकाट्याचा. अमली पदार्थविरोधी कायद्यातही शिक्षेचा निर्णय अखेर काट्यावरच होतो. परंतु त्या काट्यावर नेमके काय ठेवावे, हा प्रश्न आज वसाहतींतील तरुण कामगारांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा झाला आहे.

मराठवाड्यातील शहरांत 'बटन' म्हणून ज्या गोळ्या चोरून विकल्या जातात, त्यांतील एक परिचित द्रव्य म्हणजे नायट्राझेपाम. मूलतः हे झोपेचे औषध. औषध नियमांच्या 'एच-1' परिशिष्टानुसार ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही, आणि विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. तेच द्रव्य 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही आहे. एकच गोळी चिठ्ठीसह औषध आणि चिठ्ठीवाचून गुन्हा ठरावी, यात गैर काही नाही.

अनुसूची म्हणजे अखेर एक यादी, आणि यादी नेहमीच मागाहून येते. मेफेड्रोन त्या यादीत आले 5 फेब्रुवारी 2015 रोजी. तोवर मुंबईत ते उघड विकले जात असताना पोलिसांचे हात बांधलेले होते. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये जालन्याशेजारच्या पैठण औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावरच छापा पडला, तेव्हा निदान कायदा तरी हाताशी होता.

खरी गोम आहे ती वजनात. 2001 च्या दुरुस्तीने शिक्षा प्रमाणाशी जोडली गेली: अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत, मधल्यास दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणास किमान दहा व कमाल वीस वर्षे; शिवाय व्यापारी प्रमाणात जामीन जवळजवळ दुरापास्त. नायट्राझेपामसाठी या मर्यादा 20 ग्रॅम व 500 ग्रॅम अशा आहेत. आता, वजन शुद्ध द्रव्याचे धरायचे की संपूर्ण मालाचे? 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध द्रव्याचे म्हटले. 2009 मध्ये केंद्राने अधिसूचनेत टीप घालून संपूर्ण मालाचे म्हटले. आणि 2020 च्या हिरा सिंग प्रकरणात न्यायालयाने केंद्राची बाजू उचलून धरली.

हेरॉइनच्या बाबतीत हा न्याय समजण्याजोगा आहे. भेसळीची पूड विकणाऱ्याने भेसळीचाच आधार घेऊन सुटावे, हे कोणालाही रुचणार नाही. पण कारखान्यात तयार झालेल्या गोळीतील पिष्ट ही काही विक्रेत्याची लबाडी नव्हे. हिशेबच करून पाहावा. गोळीत औषध 10 मिलिग्रॅम, आणि गोळीचे एकूण वजन समजा 200 मिलिग्रॅम. मग शंभर गोळ्यांतच अल्प प्रमाणाची मर्यादा गाठली जाते, वास्तविक द्रव्य अवघा एक ग्रॅम असताना! अडीच हजार गोळ्यांवर व्यापारी प्रमाण सुरू होते. त्यांत द्रव्य 25 ग्रॅम. याउलट, त्याच द्रव्याची 400 ग्रॅम शुद्ध भुकटी बाळगणारा कारखानदार मधल्या वर्गात राहतो, जरी तीतून चाळीस हजार गोळ्या निघू शकत असल्या.

भुकटीचा धनी जामिनाची आशा बाळगतो आणि गोळ्यांची पिशवी पोहोचविणारा पोऱ्या दहा वर्षांच्या छायेत उभा राहतो. याला वर्गीकरण म्हणणे कठीण आहे. तयार गोळ्यांपुरती मोजणी त्यांतील औषधाच्या मात्रेवर व्हावी, इतकीच दुरुस्ती पुरे. त्यासाठी संसदेत विधेयकही नको. 2009 ची टीप अधिसूचनेने आली होती, ती अधिसूचनेनेच बदलता येईल.