शस्त्रक्रियेपूर्वी यकृताची विचारपूस

घरातील वडील माणूस साठीच्या पुढे गेला, की रात्री लघवीसाठी वारंवार उठू लागतो. धार मंदावते, आणि एखाद्या दिवशी लघवी अजिबात तुंबते. मूत्राशयाच्या मुखाशी असलेली प्रोस्टेट नावाची ग्रंथी वयाबरोबर वाढून मूत्रमार्ग दाबते, हे त्याचे नेहमीचे कारण होय. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ही वाढ खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया आता नित्याची झाली आहे. म्हणूनच तिच्याविषयी घरोघरी थोडी बेफिकिरीही दिसते. आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते यकृताकडे. कारण ह्या शस्त्रक्रियेचा निकाल पुष्कळदा त्याच्यावर अवलंबून असतो.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ असेच इस्पितळात दाखल झाले. नळी घालून लघवी मोकळी केली गेली व शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, दारू घेता काय?" ते म्हणाले, "सणावाराला, घोटभर." त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. पुढे रक्ताच्या तपासणीत रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट कणांची संख्या फार कमी आढळली. डॉक्टरांनी त्या माउलीला बाजूस बोलावून पुन्हा विचारले, तेव्हा खरे बाहेर आले. तीस वर्षे रोज संध्याकाळी बाटली उघडत असे. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली होती, ती गावातच उतरवून घेतली होती. शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आली.

एवढे भिण्याचे कारण काय? यकृत दीर्घकाळ होरपळले, की त्याचा मऊ भाग जाऊन तेथे निबर तंतू येतात. ह्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. रक्त गोठविणारी बहुतेक द्रव्ये यकृतच तयार करते. ती कमी पडतात. यकृतात शिरू न शकलेले रक्त मागे तुंबून प्लीहा वाढते व प्लेटलेट कण तीत अडकून राहतात. प्रोस्टेटची जखम तर आतून उघडीच राहते, तिला टाके घालता येत नाहीत. साहजिकच रक्त थांबत नाही, त्याच्या गाठी होऊन नळी बंद पडते.

दुसरा धोका जंतूंचा. अशा रोग्याची प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने लघवीतील जंतू रक्तात सहज पसरतात. तिसरा धोका शुद्धीचा. गुंगीची औषधे यकृताकडून लवकर निचरत नाहीत. त्यात बद्धकोष्ठ किंवा ताप यांची भर पडली, तर रोगी भलतेच बोलू लागतो. शिवाय रोजची दारू एकाएकी तुटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय कापतात, भास होतात. ह्यात जीवही जाऊ शकतो. नातेवाइकांस वाटते, शस्त्रक्रियेने वेड लागले! सवय आधी सांगितली असती, तर त्यावर उपाय योजता आला असता.

रोगी शस्त्रक्रिया सोशील की नाही, हे डॉक्टर अंदाजाने ठरवीत नाहीत. चाइल्ड व टर्कॉट यांनी १९६४ साली मांडलेली व पुढे १९७३ साली प्यू यांनी सुधारलेली एक मोजपट्टी त्यांच्यापाशी असते. रक्तातील पित्तरंग, आल्ब्युमिन नावाचे प्रथिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, पोटातील पाणी आणि मनाचा गोंधळ, ह्या ५ गोष्टींस गुण देऊन रोग्याची अ, ब किंवा क श्रेणी ठरते. अ श्रेणीचा रोगी योग्य तयारीनंतर बहुधा निभावून जातो. क श्रेणीत मात्र प्राणावर बेतल्याखेरीज डॉक्टर शस्त्र उचलीत नाहीत.

यकृत बिघडते ते केवळ दारूनेच, असे मात्र कोणी समजू नये. हिपॅटायटिस ब आणि क ह्या काविळी वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम ठोकून राहतात. मधुमेह व लठ्ठपणा यांनीही यकृतात चरबी साचून ते निबर होते. तेव्हा आपल्या माणसास दारू ठाऊक नसली तरी डॉक्टरांस हे अवश्य सांगावे: कधी कावीळ झाली होती काय, पोट फुगते अथवा पाय सुजतात काय, रक्ताची उलटी वा डांबरासारखा काळा शौच झाला होता काय. चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे व झाडपालाही पिशवीत घालून न्यावा. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांस विचारावे. दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्याही आणू नयेत. निबर यकृताच्या रोग्याचे मूत्रपिंड त्यांनी बंद पडू शकते.

घरी परतल्यावर थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी पडू लागल्या, नळी वाहीनाशी झाली, किंवा रोगी दिवसा पेंगून रात्री बरळू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्यास इस्पितळात न्यावे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. काही महिने नळीवर निभावले. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटली, आहार सुधारला, पायांची सूज ओसरली. नंतर लेसर किरणांनी, ज्यात रक्त सामान्यतः कमी जाते, शस्त्रक्रिया झाली व ते आपल्या पायांनी घरी आले. निबर झालेले यकृत पूर्ववत झाले नाही. परंतु उरलेले सांभाळता येते, एवढे त्यांस उमगले.

घरची अब्रू राखण्यासाठी आपल्या माताभगिनी पुष्कळ काही पोटात ठेवतात. त्यांस आमची एकच विनंती आहे. गावापुढे नाही सांगितले तरी चालेल. परंतु डॉक्टरांपुढे काही झाकून ठेवू नका. त्या दिवशी त्या माउलीने खालची मान वर केली, म्हणून एक माणूस वाचला.