नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला का?

झाकिर हुसेन म्हटलं की आज डोळ्यांसमोर तबला येतो. आपल्या आजोबांच्या पिढीला राष्ट्रपती आठवायचे. डॉ. झाकिर हुसेन १८९७ साली हैदराबादेत जन्मले, १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले आणि १९६९ मध्ये पदावर असतानाच वारले. उस्ताद झाकिर हुसेन १९५१ साली मुंबईत जन्मले आणि २०२४ च्या डिसेंबरात गेले. सलमान खान नावाचा एक नट आहे, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाने अमेरिकेत खान अकॅडमी सुरू केली, जिथे तुमच्यापैकी अनेकांनी गणित शिकलं असेल. शाहरुख खान तर तामिळनाडूच्या क्रिकेट संघातही आहे.

यांची गल्लत कुणी करत नाही. मराठी विकिपीडियावर अशा सारख्या नावांसाठी ‘निःसंदिग्धीकरण’ असा शब्द वापरतात. उच्चारताना जीभ अडखळते, पण काम चोख आहे: हा तो, आणि तो हा. अडचण एवढीच, की ही सोय फक्त नावारूपाला आलेल्यांसाठी आहे. बाकीच्या इम्रान शेख, सलीम खान, आयशा सय्यद यांच्यासाठी ती कुणी करून ठेवलेली नाही. मोहल्ल्यात ती आपली आपण होते. चार इम्रान असले तर एक गॅरेजवाला, एक हाजींचा, एक उंच आणि एक मास्तरांचा जावई. संगणकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला जेवढे रकाने दिले, तेवढंच त्याला दिसतं.

आणि रकाने किती द्यायचे, हे माझ्यासारखा कुणीतरी ठरवतो.

२०११ मध्ये कॅलिफोर्नियात सर्जिओ रामिरेझ नावाचा गृहस्थ बायको आणि सासऱ्यांसोबत गाडी घ्यायला गेला. विक्रेत्याने त्याचा क्रेडिट रिपोर्ट मागवला आणि सांगितलं, तुमचं नाव दहशतवाद्यांच्या यादीत आहे, तुम्हाला गाडी देता येणार नाही. शेवटी गाडी बायकोच्या नावावर घ्यावी लागली. झालं होतं एवढंच, की ट्रान्सयुनियन कंपनीसाठी यादी तपासणारं सॉफ्टवेअर फक्त नाव आणि आडनाव ताडून पाहत होतं. जन्मतारीख हाताशी असताना ती कुणी बघितलीच नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. असा शेरा बसलेले ८,१८५ लोक त्यात होते. २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं, ज्यांचा रिपोर्ट कुणा तिसऱ्याकडे गेला त्या १,८५३ जणांनाच नुकसानभरपाई मागता येईल. उरलेल्यांच्या फायलीत शेरा होता, पण बाहेर गेला नव्हता, म्हणून त्यांचं नुकसान झालं नाही! मला हा निकाल पटत नाही. चुकीचा शेरा फायलीत पडून राहणं हेच नुकसान आहे. तो कधी बाहेर पडेल ते आपल्या हातात नसतं.

रामिरेझ हे मुसलमानी नाव नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा. पण ज्यांची नावं त्या याद्यांमधल्या नावांच्या जवळची, त्यांच्यावर ही चूक जास्त वेळा येऊन आदळणार, हे साधं गणित आहे. खालेद अल-मसरी हा लेबनीज वंशाचा जर्मन नागरिक. ३१ डिसेंबर २००३ रोजी मॅसेडोनियाच्या सीमेवर त्याला बसमधून उतरवलं. त्याच्याशी मिळतंजुळतं नाव असलेला एक संशयित अमेरिकेला हवा होता. त्याला सीआयएच्या ताब्यात दिलं, अफगाणिस्तानात डांबलं आणि मे २००४ च्या अखेरीस अल्बेनियात एका रस्त्यावर सोडून दिलं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये मॅसेडोनियाला दोषी धरलं आणि ६०,००० युरो द्यायला लावले.

‘आता एआय आहे, असं होणार नाही,’ असं माझे सहकारी म्हणतात. मग जरा आतलं सांगतो. नावांचा उच्चार जुळवण्याची एक जुनी पद्धत आहे, साउंडेक्स. तिचं पेटंट १९१८ चं, आणि आजही कितीतरी डेटाबेसमध्ये ती तयार मिळते. ती नावाचं पहिलं अक्षर ठेवते, स्वर गाळते आणि व्यंजनांना आकडे देते. रोमन लिपीतलं ‘खान’ तिच्यात टाका, उत्तर येतं के-५००. कोरियातलं ‘किम’ टाका, तेही के-५००. म्हणजे खान आणि किम एकच! आता ‘मोहम्मद’ टाका: एम-५३०. आणि आपण फॉर्मवर लिहितो ते एम-ओ-एच-डी टाका: एम-३००. एकाच माणसाचं एकच नाव, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळी माणसं. नव्या पद्धती यापेक्षा पुष्कळ चांगल्या आहेत, हे खरं. पण नाव कितीही अचूक जुळवलं, तरी जुळतं ते नाव.

आपल्याकडे ही गोष्ट हजार वर्षांपूर्वीच माहीत होती. हदीस कुणाकडून कुणाकडे आली याची साखळी तपासणाऱ्या विद्वानांपुढे नेमका हाच प्रश्न होता. एका नावाचे दोन रावी, एक विश्वासू आणि एक कच्चा. गल्लत झाली की खोटं खरं ठरणार आणि खरं वाया जाणार. खतीब अल-बगदादी (मृत्यू १०७१) यांनी केवळ सारखी नावं असलेल्या रावींवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ‘अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक’. म्हणजे नाव जुळणारे, माणसं वेगळी. तेराव्या शतकात इब्न अल-सलाह यांनी याला हदीसशास्त्राची एक शाखाच मानलं आणि उदाहरण दिलं खलील इब्न अहमद या नावाचं: बापाच्या नावासकट हे नाव असलेले सहा जण! त्यातले पहिले बसऱ्याचे प्रसिद्ध व्याकरणकार. मग ओळखायचं कसं? तो कुणाकडे शिकला, त्याच्याकडे कोण शिकलं, गाव कोणतं, काळ कोणता. आमच्या भाषेत सांगायचं तर अनेक रकाने एकत्र ताडून बघणं. हे काम त्यांनी हाताने केलं. २०११ मधल्या त्या सॉफ्टवेअरला जन्मतारखेचा एक रकाना बघणं जमलं नाही.

भारतातही रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार बँकांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीशी ग्राहकांची पडताळणी करावी लागते. ते योग्यच आहे. त्या यादीत नावासोबत जन्मतारीख, जन्मस्थळ, पासपोर्ट क्रमांक असे रकाने असतात, पण कितीतरी नोंदींमध्ये ते रिकामे असतात. टोपणनावांना तर यादी स्वतःच ‘चांगल्या’ आणि ‘हलक्या’ दर्जाचं अशी खूण करते. ही खूण वाचायची की सगळी नावं एका मापाने मोजायची, हे प्रणाली बनवणारा ठरवतो. तुमच्यापैकी अनेक जण माझ्याच क्षेत्रात आहात. असं काम टेबलावर आलं तर ‘फक्त नाव पुरे’ या वाक्याला तिथेच हरकत घ्या. पुढे ते कुणाच्या तरी खात्यावर, व्हिसावर किंवा नोकरीवर जाऊन बसतं.

आणि खातं, व्हिसा किंवा नोकरी तुमचीच अडली असेल, तर ‘सिस्टीम दाखवतेय’ या उत्तरावर उठून येऊ नका. कोणत्या यादीतलं कोणतं नाव जुळलं, नावाखेरीज आणखी काय जुळलं, आणि ते कोणत्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं, हे लेखी विचारा. हल्ली काही घरांत मुलांची नावं मुद्दाम वेगळी, ‘न अडकणारी’ ठेवण्याचा विचार होतो. आवडलं तर जरूर ठेवा. पण यंत्राच्या आळसासाठी आपल्या आजोबांचं नाव बदलायची गरज नाही.

एकदा सुटलेला माणूस पुन्हा अडकू नये, यासाठीही मागणी हवी. २००४ मध्ये अमेरिकेत सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाच विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं गेलं, ‘टी. केनेडी’ हे नाव कुणा संशयिताचं टोपणनाव होतं. थेट मंत्र्याशी बोलूनही ते निस्तरायला काही आठवडे लागले. पुढे २००७ मध्ये तिथल्या सरकारने अशा प्रवाशांसाठी तक्रारीची सोय केली. तक्रार केली की एक क्रमांक मिळतो, ती निकालात निघाली की तो तिकीट काढताना लिहायचा. क्रमांकाने सगळं सुरळीत होतं असं नाही, पण ‘हा तो नव्हे’ अशी नोंद कुठेतरी राहते. आपल्या बँकेत ती नोंद राहते का, हे पुढच्या वेळी केवायसीला जाल तेव्हा विचारून पाहा.