झाडावर करवत पडण्याआधी कागद करा

पाऊस उघडला, भातं झोडून झाली की कोकणातल्या वाड्यावाड्यांतून करवतीचा आवाज सुरू होतो. कुणाला घराचे वासे बदलायचे असतात, कुणाला दारं-खिडक्या करायच्या असतात, तर कुणाला पैशाची नड असते म्हणून बांधावरचा साग किंवा ऐन विकायचा असतो. पूर्वी एक वर, एक खाली असे उभे राहून मोठ्या करवतीने ओंडका फाडणारे करवतकार यायचे. आता पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घेऊन माणूस येतो. तिला आपण कटर म्हणतो. माणूस आला, झाडाभोवती फेरी मारली, ‘देतो करून, तुम्ही काळजी करू नका’ म्हणाला, चहा झाला, व्यवहार ठरला. कागद? छे! घरच्याच माणसाशी कागद कसला करायचा?

आणि आठ दिवसांनी याच घरच्या माणसाशी खळ्यात उभं राहून भांडण. सारी वाडी जमा.

शेतकरी बंधूंनो, तोंडी करार कायद्याला चालत नाही असं नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी ठरलेलंही बंधनकारक असतं. अडचण असते ती सिद्ध करण्याची. ‘तुम्ही असं बोललात’, ‘मी तसं बोललोच नाही’ या दोन वाक्यांत कुठला न्यायाधीश काय निवडणार? म्हणून माझं म्हणणं एवढंच, की करवत झाडाला लागण्याआधी एक पान लिहावं आणि त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. वकील लागत नाही. वहीचं पान चालतं. पण त्यावर काय लिहायचं हे कळायला हवं, कारण ‘लाकूड कापून देणे, रुपये अमुक’ एवढं लिहून भांडण मिटत नाही.

पहिलं भांडण मापाचं. घनफुटाला इतके रुपये असा दर ठरतो, पण कुठला घनफूट? गोल ओंडक्याचं जुनं माप म्हणजे परिघाच्या चौथ्या भागाचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचं. व्यापारी याला हॉपस म्हणतात. समजा ओंडका दहा फूट लांब आहे आणि मध्यावर दोरी गुंडाळली तर परीघ साठ इंच भरला. साठाचा चौथा भाग पंधरा, पंधराचा वर्ग २२५, गुणिले दहा, भागिले १४४. झाले १५.६ घनफूट. पण त्याच ओंडक्याचं भूमितीप्रमाणे खरं घनफळ काढलं तर ते १९.९ येतं. म्हणजे हॉपस मापात सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबाबाहेर राहतं. ही फसवणूक नव्हे. ओंडका चौकोनी केला की सालीकडचं लाकूड जातं, हे धरूनच ती रीत पडली आहे. फसवणूक होते ती विकत घेताना एक माप आणि मजुरी लावताना दुसरं माप वापरलं की. त्यात दोरी मध्यावर धरायची की बारीक टोकाला, सालीसकट की साल काढून, हेही राहिलंच. आणि मजुरी अखंड ओंडक्यावर की तयार फळ्यांच्या मापावर? या शेवटच्या प्रश्नावरच निम्मी भांडणं होतात, असं मला दिसतं.

दुसरी गोष्ट भुशाची. गिरणीतल्या पट्टा करवतीचा काप एक सूतभरही नसतो. साखळीच्या करवतीचा दोन-तीन सूत असतो. चार काप घेतले की एक ते दीड इंच लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडतं, म्हणजे इंची फळी एक गेलीच. शेतकरी नंतर फळ्या मोजतो आणि म्हणतो, याने माझं लाकूड पळवलं. त्याने पळवलेलं नसतं. पण किती फळ्या, किती जाडीच्या, ओल्या लाकडाला सुकल्यावर आटण्यासाठी किती जास्त धरायचं हे आधी बोलून लिहिलं असतं तर संशयाला जागा राहिली नसती. सालीकडचे काप आणि फांद्या कुणाच्या, तेही एका ओळीत लिहावं. चुलीला जळण लागतं तिथे ती ओळ लहान नाही.

तिसरी गोष्ट खिळ्याची. कुंपणाच्या कडेचा फणस म्हणजे पोटात काय काय गिळून बसलेला असतो! कधी काळी मारलेला खिळा, काटेरी तार, गुरं बांधायची कडी. वरून साल भरून येते, कळत नाही. करवत त्यावर गेली की साखळीची धार गेली, कधी साखळीच गेली. मग कटरवाला म्हणतो भरून द्या, शेतकरी म्हणतो हत्यार तुझं. माझ्या मते इथे शेतकऱ्याने भरून द्यावं. झाड त्याचं, तर खिळाही त्याचाच. मात्र साखळीची किंमत काम सुरू होण्याआधी कागदावर हवी. झाल्यावर सांगितलेली किंमत नेहमी नव्या साखळीची असते, जुनी कितीही झिजलेली असो.

अमेरिकेत गाडीमागे जोडून ओढत नेता येणारी लहान लाकूड गिरणी शेतावर येते. तिथल्या वूड-मायझर कंपनीचा हा धंदा १९८२ चा. तिथे चांगला कापणारा काम घेण्याआधी गिऱ्हाइकापुढे छापील कागद ठेवतो. दर मापावर की तासावर, ओंडके मशीनपाशी कोण आणून देणार, मदतीला माणूस कुणाचा, लाकडात लोखंड निघालं तर पात्याचे किती, हे सारं त्यात असतं. आपल्याकडे यंत्रावरच्या लाकूड गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, त्यामुळे चाकांवरची गिरणी गावोगाव फिरताना दिसत नाही. पण कागदाला काही परवाना लागत नाही. तो आपण उचलायला हरकत नसावी.

आता उभं झाड विकणाऱ्यांसाठी. इथे धोका मोठा आहे. साग, ऐन, खैर, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या मालकीचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. ‘परवानगीचं मी बघतो’ म्हणून व्यापारी सह्या घेऊन जातो, कधी कोऱ्या कागदावर. परवानगी पाच झाडांची आणि पडली आठ, तर चौकशीला आधी कोण सापडणार? ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे तो. म्हणून झाडांची संख्या, जात, प्रत्येकाचा परीघ आणि खोडावर मारलेला रंगाचा नंबर कागदात यायलाच हवा. परवानगी हातात पडल्याशिवाय करवत लावायची नाही, हेही त्यात लिहावं. कोऱ्या कागदावर सही तर सख्ख्या भावासाठीही नको. भावावरून आठवलं, सातबाऱ्यावर पाच नावं आणि त्यातली तीन मुंबईला, हे आपल्याकडे घरोघरी आहे. चाकरमानी शिमग्याला येतो आणि आजोबांनी लावलेल्या सागाच्या जागी बुंधा बघतो. पुढचं सांगायला नको. सगळ्यांची संमती कागदाला जोडा.

झाड शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडलं, विजेची तार तुटली, मदतनीस जखमी झाला तर भरपाई कुणी करायची, हेही लिहा. हे बोलणं अशुभ वाटतं म्हणून टाळलं जातं. कटरच्या कामात ते टाळून चालत नाही.

खर्चाचं म्हणाल तर साध्या करारनाम्याचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा झाला आहे. मोठा सौदा असेल तर तो खर्च करावा. नसला म्हणून कागद रद्द होत नाही, मुद्रांकाची रक्कम आणि दंड भरून तो पुढे पुराव्यात घेता येतो. घरासाठी लाकूड कापून घेतलं आणि काम बिघडलं तर ती सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली मजुरी पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. व्यापाऱ्याने झाडाचे पैसे बुडवले तर दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारतात, कागद आहे का?

‘लिहून मागितलं की समोरच्याला राग येतो’ असं बरेच जण म्हणतात. येतो थोडा. पण मजुरी बुडाल्याने कटरवालाही कमी रडत नाही. पेट्रोल त्याचं, मशीनचा हप्ता त्याचा, आणि काम झाल्यावर ‘फळ्या वाकड्या आल्यात’ म्हणून निम्मे पैसे दाबून ठेवणारे महाभाग आपल्यातही आहेत. दोघांकडे एकेक प्रत राहिली तर ती त्याच्याही कामाची.

हे काम सोपं करणं वनखात्याच्या हातात आहे. वृक्षतोडीची परवानगी देतानाच सोबत एक कोरा छापील नमुना द्यावा. झाडांची यादी, मापाची रीत, दर, आगाऊ रक्कम, काम संपवायची तारीख, दोन सह्या, दोन साक्षीदार. भाषा मराठी आणि अक्षर मोठं, म्हणजे चष्मा विसरून आलेल्या आजोबांनाही वाचता येईल.