पश्चात्ताप म्हणे!

एखादा युद्धगुन्हेगार चौकशीत घडाघडा बोलायला लागला, की ‘पश्चात्ताप झाला असेल हो बिचाऱ्याला’ असं कुणीतरी म्हणतंच. मला हे अजिबात पटत नाही.

आइशमनचंच बघा. १९६० मध्ये त्याला अर्जेंटिनातून पकडून इस्राएलमध्ये आणलं. आव्नर लेस नावाच्या अधिकाऱ्यासमोर तो तब्बल २७५ तास बोलला. पश्चात्तापाने? छे! आपण फक्त हुकुमाचे ताबेदार होतो, हेच त्याला पटवून द्यायचं होतं.

बिल्याना प्लावशिच ही बोस्नियातल्या सर्बांची मोठी नेता. २००२ मध्ये हेगच्या न्यायालयात तिने छळाचा एक गुन्हा कबूल केला. वंशसंहारासकट बाकीचे आरोप मागे घेतले गेले, शिक्षा झाली अकरा वर्षं. इतरांविरुद्ध साक्ष द्यायला मात्र नकार! २००९ मध्ये ती सुटली, आणि त्याच वर्षी एका स्वीडिश मासिकाला तिने सांगितलं, की कबुली दिली ती बाकीचे आरोप टळावेत म्हणून. घ्या पश्चात्ताप!

आता द्राझेन एर्देमोविच. साधा शिपाई. १६ जुलै १९९५ ला स्रेब्रेनिकाच्या कैद्यांना ब्रान्येवोच्या शेतावर गोळ्या घालणाऱ्यांतला एक. आपल्या हातून सत्तरेक माणसं मेली असतील, हा त्याचाच अंदाज. पण त्याने जागा सांगितली, तुकडी सांगितली, जवळच्या पिलित्सा गावच्या सभागृहातली कत्तलही सांगितली. तपास अधिकारी तिथे गेले, तर भिंतींवर खुणा सापडल्या. पुढे कराजिच आणि म्लादिच यांच्या खटल्यांतही त्याने साक्ष दिली. त्या दोघांना जन्मठेप झाली.

याला शिक्षा किती? अखेर १९९८ मध्ये पाच वर्षं. सत्तर जिवांना पाच वर्षं! ज्यांची माणसं गेली त्यांचा संताप शंभर टक्के रास्त आहे. पण हुकूम सोडणारे शेतावर नव्हते. त्यांच्यापर्यंत पोचायचं, तर शेतावर उभा असलेला कुणीतरी बोलायलाच हवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: तो का बोलतोय हे शोधत बसू नका. भीतीने बोलो, स्वार्थाने बोलो, नाहीतर झोप उडाली म्हणून बोलो. मनात शिरून कुणी बघितलंय? त्याने सांगितलेल्या जागी जाऊन काही सापडतं का, ते बघा. सापडलं तर शिक्षेत सूट द्या, कडू घोट म्हणून द्या. नुसत्या हुंदक्यांवर मात्र एक दिवसही कमी करू नका.

पटतंय का? नसेल तर भांडायला या.