महाविद्यालये आहेत, मुक्कामाचे काय?

अंबाजोगाई : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे धावली आणि जिल्ह्याच्या मुख्यालयाची कित्येक दशकांची प्रतीक्षा संपली. हा मार्ग पुढे परळीला जोडण्याचे नियोजन आहे. जिल्ह्याचे शैक्षणिक केंद्र म्हणून ओळखले जाणारे अंबाजोगाई मात्र या मार्गावर नाही. रेल्वे पकडायची तर येथील विद्यार्थ्याला परळी किंवा घाटनांदूर गाठावे लागते. 'मराठवाड्याचे पुणे' हे बिरुद मिरवणाऱ्या या शहराबाबत त्यामुळे एक प्रश्न नव्याने पुढे येतो. एखादे गाव विद्येचे गाव कशामुळे ठरते आणि कशामुळे टिकते?

बालाघाटाच्या डोंगररांगेतील या गावाला विद्येची परंपरा जुनी आहे. 'विवेकसिंधू'कार मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या येथे आहेत. निजामी राजवटीत 'मोमिनाबाद' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे आधुनिक शैक्षणिक महत्त्व मात्र विसाव्या शतकातले. संस्थानात उच्च शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व असताना मराठी मुलांसाठी खासगी शाळा चालविणे हे धाडसच होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर स्वामी रामानंद तीर्थ येथे आले आणि योगेश्वरी विद्यालयात शिकवू लागले. मुक्तिलढ्यातील अनेक कार्यकर्ते अशा शाळांतून घडले. पुढे योगेश्वरी महाविद्यालय आणि खोलेश्वर महाविद्यालय उभे राहिले. सत्तरच्या दशकात स्वामीजींच्या नावाचे शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. आशिया खंडातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ख्याती आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले.

वस्तीला राहणारे शिक्षक

महाविद्यालये तर आज बहुतेक तालुक्यांत आहेत. मग अंबाजोगाईचे वेगळेपण कशात? येथे शिकविणारे आणि शिकणारे दोघेही मुक्कामाला राहिले, हे त्याचे उत्तर होय. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय रात्रंदिवस चालते. निवासी डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यामुळे खाणावळी, औषधांची दुकाने, भाड्याच्या खोल्या आणि रिक्षा यांचा व्यवहार उभा राहतो. प्राध्यापक गावात घर बांधतात, तेव्हा त्यांची मुले गावातल्याच शाळेत जातात आणि व्याख्यानाला श्रोता मिळतो. दरवर्षी नोव्हेंबरात होणाऱ्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहाला लाभणारी दाद याच वस्तीतून आली आहे.

हा पायाच आता खचतो आहे. मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावर काम भागविले जाते. तासिकेच्या मानधनावर गावात घर करणे परवडणारे नसते. नियमित प्राध्यापकही लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला कुटुंब ठेवून ये-जा करू लागला, तर दुपारनंतर महाविद्यालय ओस पडते. विद्यार्थ्याला तासाबाहेर शिक्षक भेटतच नाही.

लातूरची ओढ

साठेक किलोमीटरवरील लातूरने वेगळी वाट धरली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून 'लातूर पॅटर्न' नावारूपाला आला आणि त्याभोवती शिकवणी वर्ग, वसतिगृहे व खाणावळींची बाजारपेठच वाढली. बीड जिल्ह्यातील ऐपतदार पालक आज अकरावीलाच मुलाला तेथे ठेवतात. त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी अंबाजोगाईसारखे जवळचे आणि स्वस्त गाव हाच पर्याय उरतो.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरी राहिलेल्या वयात आलेल्या मुलीची काळजी घेणार कोण, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा तिचे लग्न हेच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. अशा मुलीसाठी महाविद्यालयाजवळची सुरक्षित खोली म्हणजे लग्न चार वर्षे पुढे ढकलण्याची संधी असते.

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. एसटीत मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये आखण्यात आली. मात्र शुल्कमाफीने खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल भरले जात नाही. प्रात्यक्षिक संपल्यावर गावाकडे जाणारी बस नसेल, तर पासही निरुपयोगी. शिवाय जे वसतिगृह दिवाळीच्या सुटीत कुलूपबंद होते, ते नेमके आईवडील कोयता घेऊन निघतात त्याच वेळी मुलीला बाहेर काढते.

पाणी आणि नियोजन

पाण्याचा प्रश्नही याच यादीत येतो. अंबाजोगाई आणि लातूर ही दोन्ही शहरे धनेगावच्या मांजरा धरणावर अवलंबून आहेत. २०१६ मध्ये हे धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बाहेरून येऊन राहणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांना टँकरच्या भरवशावर ठेवता येत नाही.

गुजरातेत आणंदजवळ १९४६ मध्ये वल्लभ विद्यानगर वसविताना महाविद्यालयांबरोबरच वसतिगृहे, रस्ते आणि पाणी यांचा विचार झाला होता. अंबाजोगाई आपोआप वाढत गेले. तेथील संस्था ध्येयवादातून उभ्या राहिल्या. मुक्कामाची सोय मात्र घरमालकांच्या मर्जीवर राहिली.

ती सुधारण्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. नगर परिषदेला भाड्याच्या खोल्यांची नोंद ठेवता येईल आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका चालविता येईल. एसटीला शेवटच्या फेऱ्या प्रात्यक्षिकांच्या वेळेशी जुळविता येतील. मुलींची वसतिगृहे ऊस हंगामात सलग खुली ठेवण्याचा निर्णय प्रशासन घेऊ शकते. रिक्त पदे भरणे हे शासनाचे काम आहे आणि ते टाळून यातले काहीच साधणार नाही. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. ज्या गावात ते शिकवीत होते, त्या गावात एखादी मुलगी पदवीपर्यंत राहू शकते की नाही, यावरच त्या वारशाची खरी कसोटी लागणार आहे.