रेशीम जळीत कक्षात कधी पोहोचणार?

मराठी घरात रेशीम म्हटले की लग्नातली पैठणी आठवते, नाही तर देवघरातल्या खुंटीवरचा मुकटा. वैद्यकालाही रेशीम नवे नाही. शस्त्रक्रियेनंतरचे टाके रेशमी धाग्याने घालण्याची पद्धत जुनी आणि अजून चालू आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रण बांधण्याची द्रव्ये सांगताना क्षौम आणि कापसाबरोबर कौशेयाचा, म्हणजे रेशमी वस्त्राचा, नामनिर्देश आहे. व्याख्यानात हा दाखला दिला की टाळ्या पडतात. जळीत रुग्णाच्या वाट्याला मात्र आजही बहुधा मलम आणि गॉजच येते. ते बदलताना नव्याने धरलेली कातडी सोलून निघते आणि रुग्णाच्या किंकाळ्या बाहेर बसलेल्या आप्तांना ऐकाव्या लागतात.

जखम सुकून खपली धरली की बरी होते, ही आपली घरगुती समजूत. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते. तेव्हापासून शोध आहे तो ओल टिकवणाऱ्या, हवा जाऊ देणाऱ्या आणि न चिकटणाऱ्या पट्टीचा. रेशमाचे नॅनोतंतू या शोधातले एक आशादायक उत्तर आहे.

कोशाचा धागा दोन प्रथिनांचा असतो : आत फायब्रॉइन, वर डिंकासारखे सेरिसिन. कोश धुण्याच्या सोड्यात उकळून सेरिसिन काढतात. उरलेले फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळवून मग त्यातला क्षार पाण्याने वेगळा करतात. हे द्रावण बारीक सुईतून सोडताना सुईला हजारो व्होल्टचा विद्युत्‌दाब दिला की धार हवेतच ताणली जाते, सुकते आणि समोरच्या पत्र्यावर तंतूंची जाळी बसते. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. हे तंतू अवघे काहीशे नॅनोमीटरचे. त्वचेतल्या पेशी ज्या नैसर्गिक जाळीत राहतात तिची वीणही अशीच सूक्ष्म असल्याने पेशी या पट्टीवर सहज मुक्काम करतात. शिवाय, पतंग भोक पाडून बाहेर पडल्यामुळे रीळकामाला बाद ठरलेला कोशही येथे चालतो, कारण रेशीम विरघळवायचेच असते.

तुती, तसर, एरी आणि मुगा ही चारही रेशमे व्यापारी प्रमाणावर पिकवणारा भारत हा जगातला एकमेव देश आहे. तसर-मुग्यासारख्या वन्य रेशमांत अमिनो आम्लांचा एक असा क्रम आहे, की जो पेशींना धरून बसायला खुंटीसारखा उपयोगी पडतो. तुतीच्या रेशमात तो नाही. गुवाहाटीच्या आयआयटीत बिमन मंडल यांच्या गटाने तुतीबरोबरच मुग्याच्याही मिश्र नॅनोतंतूंच्या पट्ट्या मधुमेही सशांच्या जखमांवर वापरून पाहिल्या आणि २०१८ साली उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तसर पिकवतात, हेही येथे लक्षात घ्यावे.

मात्र सशाची जखम ही माणसाची जखम नव्हे. उंदीर-सशांची सैल कातडी कडा आत ओढून जखम मिटवते. माणसाच्या शरीराला बरीचशी त्वचा नव्याने घडवावी लागते. त्यामुळे प्राण्यांवरील यशाचे 'चमत्कार' म्हणून मथळे देणे हा उतावीळपणाच. उत्पादनही मंद आहे. एका सुईतून तासाभरात ग्रॅमभर जाळीसुद्धा मुश्किलीने निघते. तसरचे फायब्रॉइन तर लिथियम ब्रोमाइडलाही सहज दाद देत नाही.

या अडचणी वैज्ञानिकांनी सोडवायच्या. पण केंद्रीय रेशीम मंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत आणि रुग्णालये आरोग्य खात्याकडे, ही अडचण तर प्रयोगशाळेतली नाही. साडीच्या रेशमाला शासनदरबारी जसा वाली आहे, तसा पट्टीच्या रेशमालाही हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायाची न भरणारी जखम अखेर बोट कापण्यापर्यंत जाते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या जळीत कक्षांत आणि मधुमेह विभागांत या पट्टीची गॉजशी रीतसर तुलना व्हावी. जखम भरायला किती दिवस लागले, पट्टी किती वेळा बदलावी लागली, रुग्णाचा एकूण खर्च किती झाला, हे मोजले जावे आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते जसेच्या तसे छापले जावेत.