‘चायना माल’ म्हणून हात झटकू नका

रस्त्यावरचा एलईडी दिवा वर्षभरात मिचमिचायला लागला की आपण एकच वाक्य फेकतो, “चायना माल आहे हो!” विषय संपला. ठेकेदार सुटला, माल पास करणारा साहेबही सुटला.

मंडळी, असा दिवा कधी उघडून बघा. कधी कपॅसिटर गेलेला असतो, पण कित्येकदा सगळे सुटे भाग धडधाकट असतात आणि बोर्डावरचा एखादा सोल्डरचा टाका सुटलेला असतो. दिवा रात्री तापतो, दिवसा निवतो. धातू रोज फुगतो, रोज आकसतो. पक्का टाका हे वर्षानुवर्षं सोसतो. कच्चा टाका तडकतो.

पक्का टाका कसा होतो, हे कल्हईवाल्याला पक्कं ठाऊक होतं. आधी भांडं तापवायचं, नवसागराने साफ करायचं, मगच कथील. गार भांड्यावर कल्हई धरतच नाही! बोर्डाचंही तेच. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाचं सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळतं, पण नुसतं वितळून भागत नाही. बोर्डावरचा पॅड आणि पार्टचा पाय, दोन्ही स्वच्छ आणि गरम हवेत. आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून वरून थेंब टेकवला, तर तो नुसता बसतो, धरत नाही.

आणि हे कुणाचं खासगी मत नाही. ‘आयपीसी-ए-610’ हे मानक जगभर वापरतात (ही आयपीसी म्हणजे दंडसंहिता नव्हे!). कुठला टाका पास, कुठला नापास, हे त्यात चित्रांसह दिलंय. साध्या वस्तूंना पहिला वर्ग, दीर्घकाळ भरवशाने चालायला हव्यात त्यांना दुसरा, बंद पडून चालणारच नाही अशांना तिसरा.

काहीजण म्हणतील, “कामगारच कामचुकार.” अहो, नगावर पैसे मिळणाऱ्या पोरीला प्रत्येक टाक्याला दोन सेकंद जास्त द्यायला परवडतं का? सगळ्यात कमी दराला काम द्यायचं आणि टाका मात्र पक्का मागायचा, हे कसं जमणार?

म्हणून आपल्या नगरसेवकाला तीनच प्रश्न विचारा. निविदेत या मानकाचा निदान दुसरा वर्ग लिहिलाय का? माल घेताना चार दिवे उघडून भिंगाखाली कुणी पाहिले का? नापास माल परत गेला का?

उत्तर नसेल, तर अंधार चीनमधून आलेला नाही. तो इथेच सही करून घेतलाय.